सर्जेरावांचा वाटाड्या

यंत्राची रबरी वाटी काउंटरच्या काचेवर दाबून सर्जेरावांनी हिसडा दिला आणि यंत्राबरोबर काउंटरची अख्खी काच वर आली. दुकानदारानं नुकताच चहाचा घोट घेतला होता, तो परत कपात गेला. काचेखालची घड्याळं आणि चार्जर जागच्या जागी राहिले. कुणी म्हणेल, काच जेमतेम बोटभर उचलली गेली होती. त्याचं ऐकू नका, तो तिथं नव्हता.

“पकड चांगली हाय,” सर्जेराव म्हणाले. “बाकीचं दाखवा.”

मोबाइलमध्ये नकाशे यायच्या आधीची ही गोष्ट. पुण्यातल्या त्या दुकानात आम्ही चौघं गेलो होतो. मी, माझी बायको कुसुम, तिची धाकटी बहीण मालन आणि मालनचे यजमान सर्जेराव निकम, म्हणजे माझे साडू. सर्जेरावांनी नवी मोटार नोंदवली होती आणि मोटार दारात यायच्या आधी तिला वाट दाखवणारं यंत्र घरात यावं असा त्यांचा हट्ट होता. यंत्र पुढच्या काचेला चिकटवायचं. आपण कुठं आहोत ते त्याला आभाळातल्या उपग्रहांकडून कळतं, आणि मग ते बोलून सांगत राहतं, इथं डावीकडे वळा, तिथं उजवीकडे.

वाट तर माणसांनाही विचारता येते, त्याला यंत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणालो होतो. पण सर्जेराव वाट विचारत नसत. आमच्या विटा-खानापूरकडची माणसं सोनं गाळायच्या धंद्यात देशभर पांगलेली आहेत. सर्जेराव मिसरूड फुटायच्या आधी तमिळ मुलखात गेले आणि उभं आयुष्य तिथल्या सोनारांचं सोनं गाळण्यात घालवलं. त्या धंद्यात कमरेला सोनं बांधून गावोगाव हिंडावं लागतं, आणि त्यांच्या उस्तादानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की जवळ सोनं असलेल्या माणसानं वाट विचारायची नसते. वाट विचारली की आपण कुठं निघालो ते चारचौघांना कळतं. ही शिकवण सर्जेरावांच्या हाडात इतकी मुरली की धंदा मुलाच्या हवाली करून गावी परतल्यावर, कमरेला करदोड्याशिवाय काही नसतानाही, त्यांच्या तोंडून रस्त्याचा प्रश्न निघत नसे. एकदा ते मित्राची जीप घेऊन विट्याहून कराडला निघाले आणि दुपारी बेळगावात जेवले. घरी येऊन सांगितलं, बेळगावातच काम होतं.

तर असं आपल्याला वाट सांगणारं, पण आपण कुठं चाललो ते बाहेर कुणाला न सांगणारं यंत्र निघालंय, हे वर्तमानपत्रात वाचल्यापासून त्यांना झोप नव्हती.

दुकानदारानं तीन यंत्रं पुढं मांडली. पहिल्याचा पडदा पोळपाटाएवढा. सर्जेराव म्हणाले, हा चिकटवल्यावर रस्ता बघायला मान खिडकीतून बाहेर काढावी लागेल. दुसऱ्याबद्दल दुकानदार मोठ्या अभिमानानं म्हणाला की ह्याचे नवे नकाशे जन्मभर फुकट मिळतात.

“जन्मभर म्हंजे कुणाच्या जन्मभर?” सर्जेरावांनी विचारलं. “माझ्या का ह्याच्या?”

यंत्राच्या, असं दुकानदार चाचरत म्हणाला. त्यावर सर्जेरावांनी यंत्र उलटंसुलटं करून पाहिलं आणि ह्याची तब्येत काय म्हणते, अशी चौकशी केली. दुकानदारानं तिसरं पुढं सरकवलं.

तिसरं तळहाताएवढं होतं. त्यात आवाज निवडायची सोय होती. इंग्रजी, हिंदी; बाईचा, पुरुषाचा. दुकानदार म्हणाला, बहुतेक गिऱ्हाइकं बाईचा आवाज घेतात, कानाला गोड लागतो. सर्जेरावांनी मान हलवली.

“भररस्त्यात बाईनं सांगायचं अन् मी वळायचं, हे जमायचं नाय.”

कुसुमनं मालनकडे पाहिलं. मालन छताचा पंखा बघत होती.

मग हिंदीतला पुरुषाचा आवाज लावला. तो रिटायर होऊन पेन्शन अडकलेल्या फौजदारासारखा बोलत होता. सर्जेरावांना एकदम पसंत पडला. तरी सोन्याचा कस लावल्याशिवाय हात न घालणारा माणूस तो. तिन्ही यंत्रं फुटपाथवर आणवली, तिघांनाही स्वारगेटची वाट विचारली आणि घड्याळजीसारखा कान लावून ऐकत बसले. पहिल्या दोघांनी बडबड चालू केली. फौजदार गप्प राहिला, मग एकदाच म्हणाला की सरळ जा. “हाच,” सर्जेराव म्हणाले. “कामापुरतं बोलतो.”

ते गल्ल्यावरच्या पोराला पैसे द्यायला आत गेले तेव्हा मालन दुकानदाराजवळ सरकली. हळूच विचारलं, एखादं गाव इतकं लहान असलं की ह्याच्या यादीतच नाही, तर? दुकानदार म्हणाला, काही अडत नाही. नकाशा बोटानं मोठा करायचा, गाव जिथं असेल तिथं बोट दाबून धरायचं, त्या जागेला आपल्या मनचं नाव द्यायचं, झालं. मालननं ते परत एकदा करून दाखवायला लावलं. मेव्हणी चौकस आहे, एवढंच मला वाटलं.

परतताना एसटीत कुसुमनं विषय काढला. चिंचदऱ्याला आई गणपतीपासून अंथरुणावरच आहे, उठून बसते, पण पाय खाली टेकत नाही. मालन, एकदा येऊन जा.

पुढच्या बाकावर सर्जेराव डब्यातल्या फौजदाराला मांडीवर घेऊन बसले होते. त्यांच्या मानेची शीर तेवढी ताठ झाली.

इथं मला ती फेट्याची गोष्ट सांगावी लागेल. चिंचदरा हे कुसुम-मालनचं माहेर. आटपाडीच्या पलीकडे माळावर, घरं मोजकी आणि दगड बेमोजके. तिथं त्यांचा भाऊ उत्तमराव. दहा-अकरा वर्षांपूर्वी उत्तमरावांच्या मुलाच्या लग्नात पाहुण्यांना फेटे बांधायचं चाललं होतं. माझा झाला, सर्जेराव बसले. फेटेवाल्यानं चार वेढे घेतले आणि कापड संपलं. तो सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाला, पाव्हणं, दुसरा फेटा जोडावा लागतोय, एवढ्या डोक्याचा मी पैला बघितला. मांडव हसला. ते सर्जेरावांनी गिळलं असतं. पण उत्तमरावही हसले, आणि ते नाही गिळता आलं. अर्धवट फेटा डोक्यावर तसाच ठेवून ते उठले. वेशीपाशी वळून म्हणाले, “पुन्हा ह्या गावच्या मातीला पाय लावणार नाय.” उत्तमराव मांडवातूनच म्हणाले, “नका लावू. माती कुठं जात नाय.” एसटीच्या खिडकीतून त्या फेट्याचं टोक थेट दिघंचीपर्यंत फडफडत गेलं, असं कंडक्टरच नंतर मला सांगत होता.

दोघंही शब्दाचे पक्के. पक्के म्हणजे आडमुठे. सर्जेरावांनी मालनला कधी अडवलं नाही, तू जा की, म्हणत. पण मालन गेली नाही. एकटी गेले तर आई दारात पहिलं विचारणार, जावईबापू कुठायत. मग मी काय सांगू? जाईन तर ह्यांच्याबरोबर, म्हणायची. इतकी वर्षं मायलेकींची भेट झाली ती माझ्या घरी, कुणाच्या बारशाला नाहीतर जावळाला. आता आईचे पाय चालेनात, तेव्हा तेही बंद.

मोटार दसऱ्याच्या सकाळी आली. पांढरी शुभ्र. मीच म्हणालो, नव्या गाडीनं सीमोल्लंघन करू. सर्जेरावांच्या मनात तेच होतं. सांगोल्याच्या पलीकडे त्यांच्या धंद्यातल्या जुन्या भागीदारानं डाळिंबाची बाग केली होती, तिथं जेवायचं आमंत्रण होतं. बागेचा पत्ता त्यांनी आदल्या दिवशी चष्मा लावून स्वतःच्या हातानं फौजदाराला शिकवला होता. कुणी विचारलं तर ते म्हणाले, बोलायचं काम त्याचं, लिहायचं माझं.

दसऱ्याला आमच्याकडे हत्याराची पूजा करतात. शेतकरी नांगर पुजतो, सुतार रंधा, सर्जेराव आपली सोनं गाळायची मूस आणि चिमटा पुजायचे. त्यांनी यंत्र पाटावर मुसेच्या शेजारी ठेवलं. हत्यार आहे, पूजा झालीच पाहिजे. मालन ताट घेऊन बसली. ओल्या बोटानं तिनं पडद्यावर हळद लावली. मग कुंकू. मग परत हळद. मग पुन्हा कुंकू, जरा खाली, जरा उजवीकडे. बोट उचलायची, विचार करायची, लावायची. मी म्हणालो, मालन, पुरे, आंधळा होईल तो.

“दाजी, पूजा अर्धवट ठेवू नये,” ती म्हणाली, आणि वर अक्षता टाकल्या. त्या ओल्या कुंकवाला चिकटून बसल्या. वरून झेंडूची माळ. पडदा दिसेनासा झाला.

मोटारीत बसल्यावर कुसुमनं पदरानं पडदा पुसायला हात पुढं केला तर सर्जेराव केवढ्यांदा खेकसले. सणासुदीला पुजलेल्या हत्याराचं कुंकू पुसायचं? “मला ह्याला ऐकायचंय, बघायचं नाय.” फौजदार झेंडूच्या आडून म्हणाला की दोनशे मीटरवर उजवीकडे. आम्ही निघालो. पुढं सर्जेराव आणि मी, मागं दोघी बहिणी, डिकीत आपट्याच्या पानांचं गाठोडं.

आटपाडीच्या अलीकडे मोठा रस्ता सरळ जात होता. फौजदार म्हणाला, डावीकडे. सर्जेरावांनी गाडी हळू केली. डावीकडे एक बारका डांबरी रस्ता बाभळीत शिरत होता.

“इकडं कुठं?” ते पुटपुटले.

हा प्रश्न त्यांनी यंत्राला विचारला होता, पण यंत्र प्रश्नांना उत्तरं देत नाही. ते काम माझ्याकडे आलं. मी म्हणालो की उपग्रह वरून बघतो, त्याला पुढचं सगळं दिसतं, मोठ्या रस्त्यावर पुढं उसाची ट्रॉली उलटली असणार. ऊसतोड नोव्हेंबरात सुरू होते हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. सर्जेराव डावीकडे वळले.

पवनचक्क्या मागं गेल्या. रस्ता टेकडीला वळसा घालून चढला, मग उतरला. प्रत्येक फाट्यावर गावाच्या नावाची पाटी होती, आणि प्रत्येक पाटीवर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स बांधलेला. गावाचं नाव वाचायला जावं तर गॉगल लावलेला एक तरुण नेता आणि त्याच्याखाली टिकल्यांएवढे छत्तीस शुभेच्छुक. असा एकच तरुण त्या साऱ्या तालुक्यात जन्मला होता की काय, कोण जाणे.

माळावर एक मेंढपाळ काठीला टेकून उभा होता. त्याला विचारू या का, असं मी म्हटलं, मजा म्हणून. सर्जेराव म्हणाले, “डिकीत गाठोडंभर सोनं असताना?” आणि काच वर केली.

फौजदार एकदम उजवीकडे वळा म्हणाला तेव्हा समोर रस्ता नव्हताच, ओढा होता. पाणी घोट्याएवढं. मी सांगितलं की सातारच्या एका डॉक्टरला ह्याच यंत्रानं नदीतून नेलं, पलीकडे निघाला तेव्हा गाडी धुतलेली आणि डिकीत मासे. सर्जेरावांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं, पण गाडी पाण्यात घातली.

ओढा ओलांडला आणि डाव्या हाताला एक विहीर दिसली, मोटेचं पाणी पडायचं दगडी थारोळं एका अंगाला कललेलं. ह्या थारोळ्याला धडकून मी दोन वर्षांपूर्वी मोटारसायकलसकट आडवा झालो होतो. आपण चिंचदऱ्याला मागच्या अंगानं, खालच्या वाटेनं चाललोय. सर्जेराव ह्या वाटेनं कधी आलेच नव्हते. ते आपले एसटीनं वरच्या वेशीतून यायचे. मी मान वळवून मागं पाहिलं. कुसुमनं डोळे मोठे केले आणि तोंडावर पदर धरला. मालन खिडकीबाहेर बघत होती. एका हातानं दुसऱ्या हातातल्या बांगड्या मनगटापासून कोपराकडे सरकवत होती, खाली येऊ देत होती, परत सरकवत होती.

“बाग आता लांब नसंल,” सर्जेराव म्हणाले. “हवा डाळिंबाची लागतीय.”

“वास पण येतोय,” मी म्हणालो.

येत होता तो शेणाचा. दोन गोठ्यांमधून गाडी वर चढली, एक कोंबडी वाचली, आणि आम्ही एका सारवलेल्या अंगणाच्या तोंडाशी येऊन थांबलो. फौजदारानं घसा खाकरल्यासारखा आवाज केला आणि जाहीर केलं की आपण आपल्या ठिकाणी पोचला आहात.

अंगणात उत्तमराव ट्रॅक्टरला हार घालत होते. दोन्ही हात हळदीनं पिवळे. त्यांनी गाडीकडे पाहिलं. सर्जेरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. मी पाहिलं तर उत्तमरावांच्या हातातला हार आणि सर्जेरावांच्या हातातलं चाक, दोन्ही एकदमच सुटलं. तेवढ्यात मागून मालनचा हात आला, गाडी बंद झाली, किल्ली निघाली, दार उघडलं, आणि मालन धावत घरात गेली. माझ्या मेव्हणीला तिच्या लग्नानंतर मी कधी पळताना पाहिलं नव्हतं. किल्ली तिच्या कमरेला खोचलेली होती.

आतून आधी भांडं पडल्याचा आवाज आला. मग दोन बायकांच्या रडण्याचा. कुसुमही उतरून गेली.

उत्तमराव हात पुसत खिडकीशी आले.

“काय दाजी, वाट चुकला वाटतं?”

“मी चुकत नसतो. हा चुकला,” सर्जेरावांनी झेंडूच्या माळेकडे बोट केलं. “कुंकवाचं पाणी आत गेलंय ह्याच्या.”

“उतरा.”

“नाय.”

“बरं,” असं म्हणून उत्तमराव ट्रॅक्टरकडे गेले आणि परत हार घालायला लागले. एकदा घातलेला काढून पुन्हा घालत होते, मी बघत होतो.

थोड्या वेळानं मालन बाहेर आली. डोळे सुजलेले, पण आवाज नीट. तिनं खिडकीपाशी वाकून सांगितलं, आई विचारतीय जावईबापू आत का नाय आले. तिला उठवत नाय. तुम्ही एकदा चौकटीत उभं राहा, तिला दिसा, मग लगेच जाऊ.

सर्जेराव म्हणाले, “मालन, मी शब्द दिलाय.”

“कुणाला?”

सर्जेरावांनी झेंडूची माळ नीट केली. ती गेली आणि ताटं घेऊन आली. दसऱ्याचा नैवेद्य झालेला, नाही म्हणायची सोय नव्हती. शिवाय गाडीत जेवलं म्हणजे गावात जेवलं असं होत नाही, हा मुद्दा सर्जेरावांनी मला खुलासेवार समजावला. भागीदाराला फोन करून सांगितलं की आज जमत नाही, चिंचदऱ्यातच काम होतं. मग नवे बूट काढून मांडी घातली. पुरणपोळी, कटाची आमटी, कुरडई, आणि तांब्याभर ताक.

जेवताना मी सहज झेंडूची माळ बाजूला केली आणि धोतराच्या सोग्यानं पडदा पुसला. अक्षता निघाल्या. खाली नकाशा दिसला. त्यावर एक लहानसा झेंडा रोवलेला, आणि झेंड्याच्या खाली इंग्रजीत तीन अक्षरं. ए, ए, आय.

सर्जेरावांनीही वाचलं. पोळीचा घास हातातच राहिला.

कुंकवाचं बोट चुकून कुठंही पडेल, पण ते आई असं लिहीत नाही. दुकानातल्या त्या चौकस प्रश्नाचं कारण मला आत्ता कळलं. सकाळी पाटासमोर बसून ती काय शोधत होती तेही कळलं. हळद लावता लावता तिनं डाळिंबाची बाग काढून टाकली होती आणि तिच्या जागी हे.

घास ताटात ठेवून सर्जेराव म्हणाले, “पाव्हणं, म्हंजे फौजदाराच्या आवाजात विट्यापास्नं मी हिचंच ऐकत आलो व्हय?”

मी म्हणालो की विट्यापासून की लग्नापासून, ते तुमचं तुम्ही बघा.

ते हसले नाहीत. रागावलेही नाहीत. घराच्या दाराकडे बघत ताक पीत राहिले. एक पेला, मग दुसरा, मग तांब्याच तोंडाला लावला. मालननं मागितलं असतं तर त्या माणसानं डोक्यावरून चिंचदरा उचलून आणला असता, हे मला तेव्हा दिसत होतं. पण तोंडातून गेलेला शब्द परत कसा घ्यायचा हे त्यांना त्यांच्या उस्तादानं शिकवलं नव्हतं.

आणि एवढं ताक प्यायल्यावर जे व्हायचं तेच झालं. सर्जेराव अस्वस्थ झाले. आधी एका बाजूला कलले, मग दुसऱ्या. शेवटी माझ्या कानात विचारलं, “सोय कुठं हाय?”

ही त्यांनी आयुष्यात माणसाला विचारलेली पहिली वाट. संडास गोठ्याच्या मागं होता, अंगण ओलांडून पलीकडे. मधे सगळी चिंचदऱ्याची माती.

मी जाऊन उत्तमरावांना सांगितलं. ते विचार करत उभे राहिले. मग गोठ्यात गेले आणि खताची दोन रिकामी पोती घेऊन आले. एक झटकलं, गाडीच्या दाराशी नीट पसरलं, कोपरे हातानं सपाट केले.

“दाजी, माती दिसत नाय. या.”

सर्जेरावांनी पोत्याकडे पाहिलं, उत्तमरावांकडे पाहिलं. बूट घालण्याइतकाही वेळ नव्हता. अनवाणी पाय पोत्यावर ठेवून ते उतरले. उत्तमरावांनी दुसरं पोतं पुढं टाकलं. सर्जेराव त्यावर गेले. उत्तमरावांनी मागचं ओढून पुढं टाकलं. अशी ती वरात निघाली. दसऱ्याचं सोनं द्यायला आलेली माणसं हातात पानं घेऊन दोन्ही बाजूंना उभी राहिली. पंढरपूरपासून नंदुरबारपर्यंत मी खूप मिरवणुका पाहिल्या, पण इतक्या आदरानं आणि इतक्या घाईत निघालेली ही एकच.

“जरा जवळ टाका.”

“तुम्ही टांग लहान टाका की.”

“मला घाई हाय, उत्तमराव.”

“मला काय हौस हाय, दाजी?”

अकरा वर्षांनी दोघांचं बोलणं सुरू झालं ते असं. जाताना भांडण होतं, आणि माणसं हसत होती. येताना सर्जेराव मोकळे झालेले, उत्तमराव घामाघूम. मधल्या तुळशीपाशी उत्तमराव पोतं हातात घेऊन थांबले. खाली बघत म्हणाले की ती दारापर्यंतही पुरतील, आई आत वाट बघतीय. सर्जेराव एका पोत्यावर उभे. पुढं टाका असंही म्हणेनात, नको असंही म्हणेनात.

मघापासून बाहेर एवढं हसणं कसलं चाललंय म्हणून मामींनी आत उठवायला लावलं होतं, हे मला नंतर कुसुमनं सांगितलं. मामी म्हणजे आमच्या सासूबाई. मला दिसलं ते एवढंच की दाराच्या काळोखातून मालनच्या खांद्यावर हात टाकून त्या आल्या, कित्येक आठवड्यांनी पहिल्यांदा, काडीसारख्या. चौकटीला टेकल्या. डोळ्यांवर हात धरून अंगणात बघायला त्यांनी मालनचा खांदा सोडला, आणि त्यांचा तोल गेला.

मालन किंचाळली. मी त्या वेळी ट्रॅक्टरपाशी होतो, उत्तमराव पोतं धरून खाली बघत. सर्जेराव सगळ्यांत लांब होते. पण मामी खाली पडल्या नाहीत. उंबऱ्याच्या बाहेर पाय दुमडायच्या आत सर्जेरावांनी त्यांना दोन्ही हातांनी धरलं होतं, लहान पोराला धरतात तसं. बैलांना पाणी पाजायच्या हौदाचा चिखल अंगणात दारापर्यंत पसरला होता. तुळशीपासून दारापर्यंत त्या चिखलात त्यांच्या पावलांचे ठसे उमटले होते, मोठाले, चार-चार हातांच्या अंतरावर.

उत्तमराव तुळशीपाशी दुसरं पोतं हातात घेऊन तसेच उभे. सर्जेरावांनी सावकाश मान खाली घातली आणि स्वतःच्या पायांकडे पाहिलं. घोट्यापर्यंत माती होती.

मामींनी श्वास घेतला. जावयाचं तोंड हातानं चाचपून पाहिलं, मग त्यांचीही नजर खाली गेली. फेट्याच्या दिवशी वेशीपाशी काय बोलणं झालं ते सगळ्या गावासारखं त्यांनाही पाठ होतं.

“जावईबापू,” त्या म्हणाल्या, “पाय धुऊन आत या. सकाळीच सारवलंय.”

उत्तमरावांनी पोतं टाकून दिलं आणि हौदावरून तांब्या भरून आणला. सर्जेराव दगडावर उभे राहिले. उत्तमराव वाकून पाणी घालायला लागले. पाय धुवायला एक तांब्या पुष्कळ होतो. त्या दिवशी त्यांनी हौदाकडे चार खेपा केल्या, आणि दोघांपैकी कुणीही पुरे म्हणालं नाही.